वेणी हातात आली म्हणून

तुझी वेणी माझ्या मुठीत होती आणि तू माझ्या मनगटाला चावत होतीस.

विमानाचं नाक प्राणहितेच्या डोहात गेलं होतं, शेपूट वाळूवर टेकलं होतं. आतला मजला घसरणीसारखा झाला होता. घसरणीच्या तळाशी, अगदी पुढच्या खुर्चीत, लाल आलवणातली म्हातारी बसून होती. तू तिच्यापुढे गुडघ्यांवर होतीस. तुझे दोन्ही हात पाण्याखाली, तिच्या पोटावरच्या पट्ट्याची गाठ सोडवत. पाणी तिच्या गळ्याला लागलं होतं आणि तुझ्या हनुवटीला. ती रामराम म्हणत होती. म्हणजे जिवंत होती. हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं, नंतर तू दर वेळी विचारलंस तेव्हा सांगितलं, आणि आज तू ऐकायला नाहीस तरी तेच सांगते. ती जिवंत होती आणि मी तुला ओढलं.

परवा वसुधाचा चंद्रपूरहून फोन आला. "मावशी, आई गेली." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवून मी चुलीवरचं वरण उतरवलं, कारण ते लागायला आलं होतं. मग ओट्यावर जाऊन बसले आणि दिवस मावळेपर्यंत उठले नाही. सुनेनं दोनदा जेवायला हाक मारली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गिरजा, तुला रडताही नीट येत नाही." नाही येत, कुमुद. तुझं रडणं मी पाहिलं आहे, रुमाल घेऊन, नाक पुसत. प्रत्येकाची रीत.

तुझ्या घरी लोक जमले असतील. तू त्या काळात विमानात नोकरी केलीस, चांद्यासारख्या गावातून गेलीस (चंद्रपूर तेव्हा चांदाच होतं), इंग्रजी कसं बोलायचीस, हे सगळं ते सांगतील. ते सांगू देत. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, मी तेवढंच बोलते.

पौष महिना होता. नदी उतरली होती आणि आमची सिरोंच्याच्या वरच्या अंगाला वाळूत डांगरवाडी होती, टरबुजांची. मी आणि बाबा वाळूत खड्डे करून शेणखत भरत होतो. वरून विमानं जायची, ती आम्हाला बगळ्यांइतकी नवी राहिली नव्हती. त्या दिवशीचं मात्र खालून आलं, आणि त्याचा एक पंखा फिरत नव्हता. बाबा म्हणाले, "हे पडते." चाकं न काढताच ते वाळूवर पोटावर उतरलं आणि घसरत गेलं. चांगलं घसरत होतं. आमची सगळी वाडी त्याखाली गेली. पण वाळू संपते तिथं डोह लागतो, हे वरून कोणाला दिसणार? नाक आत गेलं.

बाबांनी डोंगा पाण्यात घातला. मागच्या दारातून लोक बाहेर उड्या मारत होते. एक शेटजी, चार-पाच कोटवाले, कडेवर बाळ घेतलेली एक बाई. विमान चालवणारे दोघं वरच्या खिडकीतून निघाले. त्यातल्या मोठ्याचा पाय मोडला होता, तरी तो डोंग्याची कड धरून ओरडत होता, "लडकी अंदर है! लडकी अंदर है!" बाबांचे दोन्ही हात त्या बाळवाल्या बाईत गुंतले होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जा." एवढंच.

आम्हा मासे मारणाऱ्या ढिवरांत पाण्यातल्या माणसाला पुढून धरत नाहीत. हात तर देतच नाहीत, तो अंगावर चढतो आणि दोघं जातात. केस धरायचे, मागून. बाबा सांगायचे, "केस धर, जीव मांगं मांगं येते." लहानपणापासून अंगात बसलेलं. म्हणून आत गेल्यावर माझा हात केसांसाठीच गेला. पहिला हात म्हातारीकडे गेला, कुमुद. हे तुला माहीत आहे, मी सांगितलं होतं, पण तू ते दर वेळी विसरायचीस. ती हाताजवळ होती, म्हातारी होती, हात तिच्याकडे गेला. पदराखाली डोकं गुळगुळीत लागलं. विधवा होती ती, बामणाघरची, तिचं वपन केलेलं. माझा हात ओल्या घड्यावरून घसरावा तसा घसरला. मग मी तुझ्या हातांवरून हात नेऊन ती गाठ चाचपली. केस असते तरी ती गाठ होतीच, हे मला कळतं. धानाच्या पोत्याला मारतात तशी गाठ होती, भिजून आवळलेली. जाळ्यात आम्ही रोज गाठी सोडवतो. असली ओली गाठ सुटत नाही, कापावी लागते. विळा डोंग्यात होता.

तेवढ्यात पायाखाली वाळू बोलली. डोहाच्या कडेची वाळू धसायच्या आधी बारीक आवाज करते, चाळणीतून कोंडा पडावा तसा. शेपटीखालची कड सुटत होती. तुझा अंबाडा सुटून वेणी पाण्यावर पसरली होती. मी ती मुठीला गुंडाळली.

"मले एक मिनिट दे!" तू ओरडत होतीस. "एक मिनिट! सुटतेच आहे!"

मी दिलं नाही.

बाबांनी तुला वाळूवर पालथं घातलं. मागं वळून पाहिलं तर विमानाचं शेपूट तेवढं पाण्यावर होतं, मग तेही नव्हतं. तू पाणी ओकलीस, उठून बसलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि माझ्या कानशिलात मारलीस. माझं तोंड वाळूत गेलं. आयुष्यात मला नवऱ्यानंही तसं मारलं नाही. बाबा हसले. तशा वेळी हसले. म्हणाले, "जाऊ दे पोरी. मासा बी काठावर आला का शेपूट मारतेच."

चांद्याहून आलापल्लीच्या रस्त्यानं गाडी येईपर्यंत तू आमच्या झोपडीत राहिलीस. बाकीच्यांना तहसिलीत जागा दिली होती, तू गेली नाहीस. म्हणालीस, आजीला बाहेर काढेपर्यंत मी इथून हलणार नाही. माझं लुगडं तुला घोट्याच्या वर यायचं. बाया तुला पाहायला यायच्या आणि तेलुगूत काय काय बोलायच्या. तू विचारलंस, "काय म्हणतात?" मी सांगितलं, "म्हणतात, आभाळातून पडली तरी गोरी हाये." तू हसली नाहीस. मग थोडी हसलीस.

तेव्हाच तू मला गाठीचं सांगितलंस. चुलीपुढे बसून, त्या म्हातारीचा आवाज काढून. चामोर्शीकडची मालगुजाराघरची म्हातारी, लेकीच्या बाळंतपणाला मद्रासला निघालेली. जावयानं तिकीट काढलं होतं. कोणाचा स्पर्श नको म्हणून तिनं एकट्याची खुर्ची मागितली होती, ती तू दिलीस, सगळ्यात पुढची. तू ताटलीत लिमलेटच्या गोळ्या आणि कानात घालायला कापूस घेऊन गेलीस. गोळी तिनं नाकारली, कापूस घेतला. कापसाला विटाळ नसतो म्हणे. मग तू पट्टा लावायला वाकलीस.

"शिवू नको गं बाई! सोवळ्यात आहे मी."

"आजी, पट्टा लावावा लागते. ही कडी अशी इथी घालायची, आणि अशी..."

"ठेव तुझी कडी. जन्मभर पोती बांधली मी. मले बांधणं शिकवते!"

आणि तिनं पट्ट्याची दोन टोकं घेऊन करकचून गाठ मारली. कडी बाजूला लोंबत राहिली. तू पाहिलंस. तुझ्यामागे शेटजी चहा मागत होता, एका कोटवाल्याला ओकारी येत होती. तू म्हणालीस, "बरं आजी, राहू द्या." म्हातारी खूश झाली. म्हणाली, "पोर समजूतदार आहे. कोणाची तू?"

हे सांगून झाल्यावर तू विचारलंस, "मी राहू द्या का म्हणाले, गिरजा?"

मी म्हटलं, "तिनं शिवू दिलं नाई म्हणून."

"पाण्यात तिनंच माझा हात धरला. तेव्हा कुठं गेलं सोवळं?"

मी चुलीत लाकूड सारलं.

तिला बाबांनी आणि भोयांनी खुर्चीसकट काढलं. गाठ विळ्यानं कापली. तू उभी राहून पाहिलंस. मी म्हटलं, नको पाहू, तर मला ढकललंस. तिचा पितळी डबा वाहत येऊन काठाला लागला होता, झाकण पक्कं बसलेलं. आत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, कोरडे. तू तो डबा घेऊन मद्रासला गेलीस. लेकीनं विचारलं, शेवटी आईजवळ कोण होतं? तू म्हणालीस, मी. तिनं विचारलं, तुम्ही तिला शिवलात? तू म्हणालीस, हो. "रागावली का?" "नाही. तिनं माझा हात घट्ट धरला होता." मग त्या लेकीनं तुझ्यासमोर एक लाडू खाल्ला आणि दुसरा तुझ्या हातावर ठेवला. हे मला सांगताना तू पहिल्यांदा म्हणालीस की तुझी अन्नावरची वासना तिथं परत आली. तेवढं त्या लेकीनं केलं. मी नाही.

तू परत विमानात गेलीस. मला ते पटलं नव्हतं. "काऊन?" असं मी विचारलं तर म्हणालीस, "खाली बसले का तीच दिसते. वर काम असते." काय काम ते तू मला सांगितलंस, आणि मला हेवा वाटायचा. जमिनीवर उभ्या विमानाचा मजला चढणीसारखा असतो, चहाचे थर्मास घेऊन ती चढण चढायची. दर महिन्याला वजन. एक शेर वाढलं की बोलणी. चष्मा नको, लग्न नको. ज्याचा हात वळवळतो त्याच्या मांडीवर चहा सांडायचा आणि इंग्रजीत माफी मागायची. ओकारीच्या पिशव्या गोळा करायच्या आणि तोंडावर हसू ठेवायचं. मी म्हटलं, "हे तर आमी बी करतो. मासे साफ करतो, हसतो." तू म्हणालीस, "हो, पण तुला कोणी हस म्हणत नाही."

चांद्यात तुझ्या वडिलांना लोक म्हणायचे, मास्तर, पोरीला शिकवलं ते लोकांना चहा द्यायला? वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे, शांत माणूस. ते म्हणाले, तुमच्याही पोरी देतात, खाली बसून देतात. तुझ्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यात आवडते.

आणि पट्टे. त्यानंतर तुझ्या विमानातला एकही पट्टा तू तपासल्याशिवाय सोडला नाहीस. सोवळी असो, महाराज असो. "आजी, मी शिवते. पाप मला लागू द्या." किती म्हाताऱ्यांनी तुला शिव्या घातल्या असतील. घातल्या, घातल्या.

पुढच्या साली डांगरं पिकली तेव्हा तू आलीस. डोक्यावर पदर होता. पदर काढलास तर केस मानेपर्यंत कापलेले.

"केस कुठी गेले?"

"कापले. कंपनीला सोयीचे पडतात."

"कंपनी तर आधीपासून म्हणत होती. तेव्हा तूच नाई म्हणली."

"तेव्हा नाही म्हणाले, म्हणून तर ते झालं."

"काय झालं? जगली, थे झालं?"

तू नदीकडे पाहत म्हणालीस, "आता कोणाला धरता येणार नाही, गिरजा."

तुझ्यासाठी चिरत होते ते डांगर मी बकरीपुढे टाकलं. तू चालत नाक्यापर्यंत गेलीस, मी पोचवायला आले नाही. तू मारलीस तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. थप्पड बुडणारं माणूस मारतं. हे तू कोरड्यावर बसून, विचार करून केलं होतंस.

त्यानंतर किती वर्षं तू आली नाहीस. मग लग्न केलंस, म्हणून नोकरी गेली, म्हणून वेळ मिळाला आणि आलीस. कडेवर वसुधा होती. बाबांच्या डोंग्याला तेव्हाही विमानाचा पट्टा होता, वाळूत सापडलेल्या दुसऱ्या एका खुर्चीचा. सरकारी माणसं सगळं सामान घेऊन गेली, तो पट्टा बाबांनी जाळ्याखाली लपवला होता. त्यानं ते डोंगा खुंटीला बांधायचे. तू त्या कडीपाशी बसलीस. लाव, सोड. लाव, सोड. बाबा म्हणाले, "बाई, डोंगा वाहून जाईन, बस कर." मग तू वसुधाला माझ्या मांडीवर टाकलंस आणि नदीवर हात धुवायला गेलीस. पोरगी मुठी चावत होती. मला वाटलं, आता म्हणेल. ही पोर त्या वेणीलाच धरून आली की नाही? एक शब्द म्हणेल, बरं केलंस, गिरजा. तू आलीस, पदराला हात पुसलेस आणि विचारलंस, "खरंच एक मिनिटही नव्हतं?"

"नव्हतं."

असं आपलं चाललं. तू यायचीस, पाय वाळूत घालून बसायचीस, मुलांचं सांगायचीस, नवऱ्याचं सांगायचीस, जायच्या आधी तेच विचारायचीस. मी तेच उत्तर द्यायचे. कधी तू म्हणायचीस, "तुला गाठी सोडवता येतात, मला ओढायच्या ऐवजी गाठ सोडवायची होतीस." मी म्हणायचे, "मग तिघी गेलो असतो." तू म्हणायचीस, "कदाचित नाही." तुझं ते कदाचित मला घशातल्या काट्यासारखं होतं. मी खोटं बोलले असते तर तुझं बरं झालं असतं. म्हणाले असते, म्हातारी आधीच गेली होती, तू मेलेल्या बाईची गाठ सोडवत होतीस. बाबा मला म्हणालेही, "सांगून टाक तसं, पोरीचा जीव हलका होईन." मी सांगितलं नाही. तिनं रामराम म्हटलेलं आपण दोघींनी ऐकलं होतं. तिला तिच्या वाट्याचं शेवटचं जगणंही नाकारायचं का?

पहिली काही वर्षं मी तुला बाई म्हणायचे. तूच म्हणालीस, "केस धरून ओढलंस आणि आता बाई म्हणतेस?" तेव्हापासून कुमुद. नातं म्हणशील तर एवढंच आपलं. तू मला कोणासमोर मैत्रीण म्हटलं नाहीस, मीही नाही. दोघींनाही ते शोभलं नसतं. पण माझा नवरा गेला तेव्हा दहाव्याला तू सिरोंच्याला एसटीनं आलीस, त्या रस्त्यानं, त्या वयात. आणि सगळ्या बाया रडत असताना तू माझ्या शेजारी बसून कांदे चिरलेस. त्या दिवशीचं मी विसरले नाही. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

दिवाळीनंतर वसुधानं बोलावलं म्हणून मी चंद्रपूरला आले. तू खाटेवर एवढीशी झाली होतीस. मी ओळखलं नसतं, पण उशीवर वेणी होती. पांढरी, सुताएवढी, पार कमरेपर्यंत. मी पाहतच राहिले. वसुधा म्हणाली, "मावशी, नर्स रोज म्हणते, कापून टाकू, गुंता होतो, अंघोळीला त्रास होतो. आई ऐकतच नाही. हात मारते." मी विचारलं, "किती वर्षं झाली वाढवून राह्यली?" ती म्हणाली, "आमचे बाबा गेल्यापासून कापलेच नाहीत. आम्हाला वाटलं, कंटाळा."

वसुधा चहा करायला गेली. तू डोळे उघडलेस. ओळखलंस.

"गिरजा. होतं का एक मिनिट?"

"नव्हतं."

"खरं?"

"खरं. वाळू धसली होती."

"हं," म्हणालीस. डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलीस. मग तू हळूहळू, त्रास करून घेत, मान भिंतीकडे वळवलीस आणि पाठीमागचे केस माझ्याकडे आले. गुंता खरंच खूप होता. मी फणी मागून घेतली. खालून वर, बट बट धरून, दुखू न देता सोडवत आले. मला गाठी सोडवता येतात, तू म्हणायचीस ते खरंच आहे. वेळ असला की येतात. मग वेणी घातली आणि तुझ्या खांद्यावरून पुढे टाकली. तू ती मुठीत धरलीस आणि झोपलीस.

त्याचा अर्थ मी लावत नाही. तू सांगितला नाहीस, मी विचारला नाही. शेवटची गाडी पकडायची होती.

त्या विमानातले सगळे जगले. चालवणारे दोघं, शेटजी, कोटवाले, बाळवाली बाई आणि तिचं बाळ. पहिल्या खुर्चीतली म्हातारी तेवढी गेली. तिच्या डोक्याला शेवटचा हात लागला तो माझा, ढिवराच्या पोरीचा. सगळ्यांच्या मागून निघालीस ती तू. तू जगलीस, कुमुद. म्हातारी झालीस, आणि कोरड्या अंथरुणावर गेलीस.